नापास करणारे पोतनीससाहेब

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी कॉम्प्रेसरच्या वॉरंटीवरून वाद घालत होतो. स्क्रीनवर 'पोतनीससाहेब' असं नाव आलं आणि माझ्या कपाळावर आठी आली. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला माझ्याच रेसच्या गाडीचा एक फोटो पाठवला होता. गाडीच्या मागच्या बाजूला ओढून नेण्यासाठी जो हुक असतो, त्याच्याभोवती लाल गोल काढलेला, आणि खाली एकच शब्द, 'बदल'. सीझन सुरू व्हायला अजून अवकाश होता, बाहेर अंग भाजणारा उकाडा होता, आणि या माणसाला माझ्या हुकची काळजी. मी फोन उचलला आणि सरळ म्हणालो, "साहेब, हुक बदलतो, पण आधी मला श्वास घेऊ द्या."  पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज आला. "अंकल, इट्स ऋचा... बाबा पास्ड अवे. धिस मॉर्निंग." माझ्या तोंडून 'इन्ना लिल्लाह' एवढंच निघालं. समोरच्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं, वॉरंटीचं कार्ड खिशात घातलं आणि निघून गेला.

अल नहदातल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो तर दारात चपलांचा ढीग. त्यांच्या ऑफिसातली माणसं, बिल्डिंगमधले शेजारी, मराठी मंडळातली दोन-चार कुटुंबं. जो तो म्हणत होता, किती शांत माणूस, किती मवाळ, कधी आवाज चढवला नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, तुम्ही कुणाबद्दल बोलताय? मी ज्या माणसाला ओळखत होतो त्याने गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्याचा भुगा केला होता. आवाज चढवला नाही हे खरं, एकदा सोडून. पण त्यांना तो चढवावा लागतच नसे. समोरच्याचा चढायचा.

आता हे साहेब कोण आणि मी कोण, ते सांगायला हवं. मी इम्तियाज मुकादम, मूळचा हर्णैचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवतो. आणि थंडीच्या दिवसांत, म्हणजे इथे ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत, शहराबाहेर वाळवंटात मातीच्या एका गोल ट्रॅकवर जुनी जपानी गाडी पळवतो. मोठ्या रेसेस टीव्हीवर दिसतात, त्या दुबई-अबुधाबीच्या झगमगाटातल्या. आमचं तसलं काही नाही. टँकरने पाणी मारून दाबलेली माती, कडेला टायरांची भिंत, एक पत्र्याची शेड, आणि करक, म्हणजे कडक दुधाच्या चहाची गाडी. आमच्या वर्गाचं नाव 'स्टॉक'. म्हणजे शोरूममधून जशी आली तशीच गाडी. इंजिनाला हात लावायचा नाही. आतल्या सीटा काढायच्या, ड्रायव्हरभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, चांगला पट्टा बांधायचा, आणि पळायचं. कुणी नर्स, कुणी अकाउंटंट, कुणी माझ्यासारखा दुकानदार. पगारातून उरेल त्यात भागेल असा शौक, म्हणूनच आम्ही तिथे होतो.

पोतनीससाहेब त्या ट्रॅकवर गाड्या तपासायचे. एरवी ते दुबईत टॉवरांच्या लिफ्ट तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होते. आठवडाभर लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी, फुकटात, आमच्या गाड्या. रेसआधी प्रत्येक गाडी शेडखाली त्यांच्यापुढे उभी करायची. त्यांनी पास केली तर मातीत उतरायचं, नाहीतर घरी.

माझी पहिली रेस मला नीट आठवते, कारण ती झालीच नाही. सगळं कुटुंब घेऊन गेलो होतो. नसीमने, म्हणजे माझ्या बायकोने, पातेलंभर बिर्याणी केली होती. साहेब आले. डोक्यावर फाटकी टोपी, हातात टॉर्च, भर दुपारी. गाडीभोवती फिरले, आत डोकं घातलं, आणि सीटमागे मी रबरी पट्ट्याने बांधलेली बॅटरी हाताने नुसती ओढली. ती त्यांच्या हातात आली.

"ही बॅटरी आहे की पाहुणी?" ते हिंदीत म्हणाले. "मनाला येईल तेव्हा उठून जाईल."

नापास. मी पाठ फिरवून आमच्या गावाकडच्या भाषेत त्यांचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. माझं बोलून झाल्यावर मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "मी चिपळूणचा आहे. मधला एक शब्द सोडला तर बाकी सगळं समजलं." नसीमने पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. त्या दिवशी त्यांनी आमच्या चटईवर बसून बिर्याणी खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि गाडी काही पास केली नाही.

पुढच्याच आठवड्यात ते माझ्या दुकानामागच्या गाळ्यात हजर. सोबत लोखंडी पट्टी आणि बोल्ट. बॅटरी कशी बसवायची ते दाखवलं, माझ्याकडून तीनदा काढून घालून घेतलं. हे त्यांचं नेहमीचं. ट्रॅकवर नापास करायचे आणि मग घरी येऊन दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्याशी धड भांडताही यायचं नाही. माणूस तुमच्या गाडीखाली आडवा पडून घामाने निथळत असतो, त्याला काय बोलणार? मी एकदा विचारलं होतं, साहेब, घरी वहिनी काही म्हणत नाहीत का? ते गाडीखालूनच म्हणाले, "म्हणते ना. म्हणते, तुमची स्वतःची गाडी धुवून किती दिवस झाले."

त्यांचं म्हणणं साधं होतं. नियम दोन जातींचे असतात, काही माणूस वाचवतात आणि काही कुणाचं तरी दुकान वाचवतात. पहिल्या जातीच्या नियमात एक सूतही सोडायचं नाही आणि दुसऱ्या जातीचा नियम होताच कामा नये. आमचं नियमांचं पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं आणि ते दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका कागदावर मावत होतं.

त्या कागदाची किंमत आम्हाला कळली ती जोजीच्या अपघातात. जोजी आमच्यातला मल्याळी, एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. तिसऱ्या वळणावर त्याचं मागचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि गाडी उलटली. एकदा नाही, कोलांट्या खात टायरांच्या भिंतीपर्यंत गेली. धूळ इतकी की काही दिसेना. आम्ही धावलो. जोजी पिंजऱ्यात उलटा लटकत होता, पट्ट्याला, आणि खोकत होता. बाहेर काढल्यावर त्याने आधी स्वतःचे हातपाय पाहिले, मग साहेबांना शोधलं आणि म्हणाला, "साब, बॅटरी नहीं हिला!" आम्ही सगळे रडत-हसत होतो. एकटे साहेब जमिनीवर बसले होते.  मी पाणी दिलं तर म्हणाले, "खांद्याचा पट्टा सैल होता त्याचा. मी ओढून बघितला होता रे... कसा सुटला माझ्या नजरेतून?" बाकीच्या ट्रॅकला आनंद झाला होता आणि हा माणूस संतापला होता. स्वतःवर. पुढे महिनाभर त्यांनी आमचे पट्टे असे आवळले की श्वास घेताना बरगड्या दुखायच्या.

असं सगळं बरं चाललं होतं. मग ट्रॅकच्या मालकाने तो एका कंपनीला चालवायला दिला.

मालक इथलाच, म्हातारा अरब; आम्ही त्याला अरबाब, म्हणजे मालकच, म्हणायचो. उंट पाळायचा, गाड्यांची त्याला भारी हौस, हिंदी फर्मास. त्याच्या मुलांना या धंद्यात रस नव्हता. कंपनीचा मॅनेजर आला. तरुण, पांढरे बूट. मातीच्या ट्रॅकवर पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्या मीटिंगमध्ये त्याने मोठ्या टीव्हीवर चित्रं दाखवली, दिव्यांचा झगमगाट, फूड ट्रक, व्हीआयपी बॉक्स. म्हणाला, आपल्याला हा खेळ नेक्स्ट लेव्हलला न्यायचाय. जोजी माझ्या कानात म्हणाला, "भाई, हमारा तो ये लेवल ही ठीक था."

आणि मग सुरू झाले व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. टायर फक्त कंपनीने सांगितलेलेच, आणि ते मिळणार एकाच दुकानात. मी भाव विचारला तर एका टायरला साडेसहाशे दिरहम. म्हणजे साडेपंधरा हजार रुपये, नसीमने तिथल्या तिथे हिशोब केला, आणि पुढे विचारलं की चार चाकं लागतात की तीनवर भागतं? जुने टायर आम्ही टॅक्सीवाल्यांकडून मिळवायचो, आणि ते मातीत जास्त चांगले धरायचे. पण ते 'अप्रूव्ह्ड' नव्हते. टायर घेतले तर पुढचा मेसेज, शॉक अ‍ॅब्सॉर्बरही सीलबंदच हवेत. ते घ्यायला पैसे जमवतोय तर एक इलेक्ट्रॉनिक डबी सक्तीची, वेळ मोजायला. आमच्या वेळा साहेबांच्या सौ. सुमेधावहिनी खुर्चीत बसून घड्याळावर टिपायच्या आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. मग रेस शुक्रवारवरून शनिवारी, दिव्यांच्या उजेडात, कारण पाहुण्यांना शनिवार सोयीचा. ज्यांना शनिवारी ड्यूटी असते ते गेलेच. मग गाडीवर नाव अमुक अक्षरांतच, अमुक रंगातच, त्याचा स्टिकर त्याच दुकानातून. आणि सगळ्यांत शेवटी, दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी चालणार नाही.

दहा वर्षं! अहो, आमच्या सगळ्या गाड्या भंगारातून उठवलेल्या. जोजीची तर त्याच्या लग्नाच्या आधीची. माझी मुलगी सना, इथेच वाढलेली, मला म्हणाली, "डॅड, जस्ट क्विट. इट्स नॉट फन फॉर यू एनीमोअर." मी तिला म्हटलं, मजा येत नाही म्हणून कुणी सोडत नाही, राग येतो म्हणून तर चिकटून राहतो. ती म्हणाली, "दॅट मेक्स नो सेन्स." बरोबरच होतं तिचं.

आता आमची सगळी भिस्त साहेबांवर. आम्हाला वाटलं, हा माणूस यांना सरळ करेल. दुकान वाचवणारे नियम नकोत हे त्यांचंच ना? मी आणि जोजी त्यांच्या घरी गेलो. सुमेधावहिनींनी पोहे केले होते. साहेबांनी ते नवं जाडजूड पुस्तक उघडून ठेवलं होतं. वाचत होते, पेन्सिलीने खुणा करत.

मी म्हटलं, "साहेब, या टायरच्या नियमाला तुम्ही काही मानू नका. आमचे जुने चालवा."

"नाही चालणार," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्हीच म्हणता..."

"मला तो नियम पटत नाही, हे मी त्यांना सांगितलंय. दोनदा सांगितलं. पण छापून आलाय आणि मी तपासनीस आहे. आवडेल तो नियम लावायचा आणि नावडेल तो सोडायचा, असं केलं तर उद्या तूच मला बॅटरीबद्दल विचारशील."

"म्हणजे जोजीची गाडी बाद?"

साहेबांनी जोजीकडे पाहिलं. "हां जोजी. पुराना है. नहीं चलेगा."

जोजीने प्लेट खाली ठेवली. बिचारा म्हणाला, "ओके साब." मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही कंपनीचेच झालात की. साहेब पेन्सिलीला टोक करत राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "इम्तियाजभाई, घरात तर दोन दिवस झोपले नाहीयेत हे. पण सांगतील का तुम्हाला?" साहेब त्यांनाच म्हणाले, "सुमेधा, तू मध्ये पडू नकोस." मी उठून आलो. त्यानंतर बरेच दिवस आम्ही बोललो नाही. आजही विचाराल तर मी म्हणेन, माझा राग बरोबर होता. त्यांचंही बरोबर होतं, आणि हीच तर चीड आणणारी गोष्ट.

सीझनचा पहिला शनिवार आला. मी कर्ज न काढता, पण दुकानातला नवा फ्रिज लांबणीवर टाकून, टायर आणि शॉक घेतले होते. माझी गाडी कशीबशी वयाच्या मर्यादेत बसत होती. ट्रॅक ओळखू येईना. कमानी, झेंडे, ड्रोन, पोरांना फुकट टोप्या. कंपनीने तीन नव्याकोऱ्या गाड्या आणल्या होत्या, पाहुण्यांसाठी. स्पॉन्सर कंपनीचे बडे लोक आणि त्यांचे मित्र पाच चकरा मारणार, फोटो काढणार, मग आमची रेस. त्या गाड्या बघून डोळे दिपले. रंग असा की त्यात तोंड पाहावं.

साहेब शेडखाली होते. तीच टोपी, तोच टॉर्च. माझी गाडी तपासली, माझ्याकडे न बघता. पास. मग ते त्या तीन गाड्यांकडे वळले. मॅनेजर हसत म्हणाला, "सर, या तपासायची गरज नाही. एक्झिबिशन आहे फक्त."

"मातीत उतरणारी प्रत्येक गाडी, असं लिहिलंय तुमच्या पुस्तकात," साहेब म्हणाले आणि खाली वाकले.

आम्ही सगळे जवळ सरकलो. साहेबांनी पहिल्या गाडीच्या पिंजऱ्याला हात लावला. ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या पाइपाला जे जाड रबर गुंडाळतात ते नव्हतंच. का, तर फोटोत वाईट दिसतं. दुसऱ्या गाडीत पेट्रोलच्या टाकीची हवा जायची नळी गाडीच्या आतच सोडलेली. तिसऱ्यात पट्ट्याचा एक बोल्ट पत्र्यात बसवलेला, चासीत नाही. टायर मात्र तिन्हींचे अप्रूव्ह्ड, स्टिकर योग्य अक्षरांत, डब्या लुकलुकत होत्या. साहेब उभे राहिले, कंबर धरून, आणि म्हणाले, "तिन्ही नापास."

मॅनेजर आधी हसला, मग चिडला, मग विनवायला लागला. "सर, ओन्ली फाइव्ह लॅप्स. गेस्ट्स आर वेटिंग."

"पाच चकरांत पेट्रोल थंड असतं का?"

"सर, दिस इज नॉट इन द न्यू बुक."

"पान उलटा. शेवटून दुसरं. सुरक्षेबाबत तपासनीसाचा निर्णय अंतिम." ते पुस्तक कंपनीने कुठल्या तरी परदेशी पुस्तकावरून उतरवलं होतं आणि त्यातलं ते वाक्य काढायचं राहून गेलं होतं. अख्ख्या ट्रॅकवर ते पुस्तक पूर्ण वाचलेला एकच माणूस होता. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की भांडण वगैरे विसरून मी टाळीच वाजवली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हात खाली गेले.

पण हे सिनेमात संपतं तसं संपलं नाही. मॅनेजरने फोन लावला, मग दुसरा लावला. थोड्या वेळाने कंपनीचा आणखी एक माणूस आला, त्याने तपासणीच्या कागदावर सही ठोकली आणि म्हणाला, खलास, गो. साहेब पहिल्या गाडीपुढे उभे होते. दोन सिक्युरिटीवाले आले. नेपाळी पोरं, साहेबांना ओळखणारी. त्यातला एक अगदी हळू म्हणाला, "सर, प्लीज." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच बाजूला झाले.

गाड्या सुटल्या. माझं लक्ष ट्रॅककडे नव्हतंच, मी साहेबांकडे बघत होतो. ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक वळणाला त्यांची मान खांद्यांत जायची. एक चक्कर, दुसरी... आणि काही झालं नाही. पाचही चकरा झाल्या. पाहुणे उतरले, हसले, फोटो काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर लांबून आमच्याकडे बघून हात पसरत होता, जणू म्हणत होता, बघा, काय झालं?

तो माणूस माझ्या इतका डोक्यात गेला की मी साहेबांना म्हटलं, "एखादी तरी उलटायला हवी होती. कळलं असतं साल्यांना."

साहेब माझ्यावर असे ओरडले की आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "वेड लागलंय का तुला? काही झालं नाही तेच हवं होतं मला. मला काय बरोबर ठरायचं होतं का?" मग टॉर्च खिशात घातला आणि वहिनींना म्हणाले, "चल."

दुसऱ्या दिवशी कंपनीने त्यांना कळवलं की आता त्यांची गरज नाही. आमच्यापैकी कुणी त्या शनिवारी रेस केली नाही असं मला इथे लिहायला आवडलं असतं. पण निम्म्यांनी केली. टायर घेतले होते ना. मीही केली. सातवा आलो.

त्या सीझनच्या शेवटी स्टॉक वर्गात मूठभर गाड्या उरल्या. पुढच्या वर्षी कंपनीने तो वर्गच बंद केला, 'कमी प्रतिसादामुळे'. म्हणजे आधी आम्हाला खर्चाने हाकलायचं आणि मग म्हणायचं की कुणी येत नाही. मेसेजच्या शेवटी हसरा चेहरा होता. मी फोन भिंतीवर मारणार होतो, पण त्याचेही पैसे मोजलेले होते.

साहेबांशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालं ते त्या मेसेजनंतर. मी तडक त्यांच्या घरी गेलो, अर्धा तास बडबडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरबाबला कोण कोण ओळखतं?" त्यांच्या डोक्यात आधीच काहीतरी शिजत होतं. ट्रॅक चालवायला दिला असला तरी जमीन म्हाताऱ्याची होती आणि रविवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. साहेब, मी आणि जोजी त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गेलो. गहवा म्हणजे अरबी कॉफी, खजूर, उंटांची चौकशी. साहेबांनी आमचं म्हणणं मांडलं: महिन्यातून एक रविवार सकाळ, तिकीट नाही, बक्षीस नाही, आमच्या जुन्या गाड्या, आमचे जुने नियम. अरबाब म्हणाला, फक्त फिरायचं असेल तर नियम कशाला? त्यावर साहेबांनी त्याला खांद्याच्या पट्ट्याचा कोन समजावून सांगायला घेतला. स्वतः उशी पाठीला बांधून! म्हाताऱ्याने शेवटी हात जोडले. "पोतनीस, तुम बहुत दिमाग खाता है. ले लो संडे. कंपनी से हम बात करेगा." निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "इसके घर में औरत कैसे रहता है?"

गेल्या हिवाळ्यातला तो पहिला रविवार. सकाळची हवा खरंच गार होती, वाळूवर दव होतं. कमानी नाहीत, ड्रोन नाही. कुठून कुठून माणसं आली होती. मोहम्मद बिन झायद सिटीतून एक जोडपं झाकलेली गाडी रिकव्हरीवर चढवून, अबुधाबीहून इतक्या लांब. रिकव्हरी म्हणजे बंद पडलेल्या गाड्या पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, इथे त्याला हेच नाव. जोजीची ती लग्नाआधीची गाडी आली, टॅक्सीचे टायर घालून. वहिनींनी खुर्ची मांडली, घड्याळ काढलं. आणि साहेबांनी एवढ्या हौसेने आलेल्या आमच्यापैकी तिघांना नापास केलं. त्यात मी होतो. माझ्या दरवाजाच्या जाळीला एक कडी कमी होती. मी म्हणालो, साहेब, आज तरी? हे सगळं उभं करायला आपण इतकं केलं! ते म्हणाले, "उभं केलं म्हणूनच." मी त्या दिवशी त्यांच्याशी इतका भांडलो की अबुधाबीचं जोडपं घाबरलं. जोजी त्यांना समजावत होता, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम, दे आर फ्रेंड्स."

साहेबांनी स्वतःच्या बाबतीतही कुठे ढिलाई केलेली नव्हती, हे मला सांगायलाच हवं. दर सहा महिन्यांनी तपासण्या. रक्त, हृदय, सगळं. वहिनींनी मला ते रिपोर्ट दाखवले, एकेक पान. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि म्हणाले, होतं असं कधी कधी. सकाळी चहा प्यायले, पेपर उघडला आणि तसेच कलंडले. निदान कुणाची चूक निघाली असती तर मला भांडायला जागा मिळाली असती. आता कुणावर चिडायचं?

परवा या सीझनचा पहिला रविवार होता. जावं की नाही यावर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, आणि गेलो तर सगळेच आले होते. वहिनीही आल्या, ऋचा घेऊन आली. आम्ही गाड्या उतरवल्या आणि कुणीही न सांगता शेडखाली एकामागे एक रांगेत लावल्या. मग तसेच उभे राहिलो. रांगेच्या तोंडाशी कुणीच नव्हतं. कुणी इंजिन सुरू करेना, कुणी पुढे जाईना. जोजी दोनदा म्हणाला, "यल्ला, चलो," पण त्याची स्वतःची गाडी हलली नाही. शेवटी वहिनी खुर्चीतून म्हणाल्या, "अहो, बघा ना एकमेकांच्या. उन्हं चढतायत."

मग आम्ही एकमेकांच्या गाड्यांखाली शिरलो. मी जोजीची बघितली, जोजीने अबुधाबीवाल्यांची, त्यांनी माझी. वेळ गेला, वाद झाले. जोजीचा एक बोल्ट मी बदलायला लावला, तो मल्याळीत काहीतरी पुटपुटला. माझी गाडी त्या जोडप्याने बघून पास केली. मी हेल्मेट घातलं, आत बसलो, पट्टा ओढला. आणि सहज वर बघितलं तर डोक्यावरच्या पाइपाच्या वेल्डिंगवर एक बारीक रेघ. केसाएवढी. रंगावरचा ओरखडा असेल म्हणून नखाने खरवडलं, तर नख अडकलं. तडाच होता. कुणाला दिसली नव्हती. दिसणारही नव्हती. बाहेर जोजी खुणावत होता, आजा, आजा.

मी पट्टा सोडला. हेल्मेट काढलं. इतका संताप आला होता की हेल्मेट सीटवर आपटूनच खाली उतरलो. रिकव्हरीवाला करक चहा घेऊन आरामात बसला होता, त्याला हाक मारली आणि गाडी पुन्हा वर चढवायला लावली. त्याने जाण्या-येण्याचं पूर्ण भाडं घेतलं. गाडीने एक चक्करही मारली नव्हती.